विश्वाच्या जमाखर्चांतील दोन कोडीं

(नभोवाणीवरील भाषण)



जुन्या पेढीचा हिशेब तपासावयास बसलेल्या कारकुनाला दोन तऱ्हांच्या विसंगती आढळतात. कधीं कीर्दींत रक्कम जमा झालेली दिसते, पण तिजोरींत ती नसते. कधीं याच्या उलट तिजोरींत जास्त पैका निघतो, पण तो कोठून आला याची नोंद वहींत मिळत नाहीं. विश्वाचा जमाखर्च मांडूं पाहणाऱ्या शास्त्रज्ञांची आज अशीच अवस्था झालेली आहे. त्यांच्या वहींत एक रक्कम अशी आहे, कीं जी असावयास हवी, पण कोठेंच सांपडत नाहीं. तिचें नांव प्रतिद्रव्य. दुसरी अशी आहे, कीं जिचा भार पदोपदीं जाणवतो, पण जी कोणाच्याहि दृष्टीस पडलेली नाहीं. तिचें नांव कृष्णद्रव्य.

अशा स्थितींत कोणाहि विचारी माणसाच्या मनांत एक प्रश्न उभा राहतो. हरवलेली रक्कम आणि न ओळखलेली रक्कम या दोन्ही एकच तर नसतील? जें प्रतिद्रव्य आपणांस सांपडत नाहीं, तेंच कृष्णद्रव्य होऊन अवकाशांत दडून बसलें नसेल काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें सरळ उत्तर ‘नाहीं’ असें आहे. परंतु तेवढ्यानें विषय संपत नाहीं. हीं दोन द्रव्यें एक नसलीं, तरी त्यांच्यामध्यें कांहीं नातें असण्याचा संभव आहे. तें नातें कोणत्या प्रकारचें असूं शकेल, आणि त्याविषयीं आज कितपत खात्रीनें बोलतां येतें, हें आपल्यापुढें मांडावें असा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम प्रतिद्रव्य म्हणजे काय तें पाहूं. १९२८ सालीं केंब्रिज येथील पॉल डिरॅक यांनीं इलेक्ट्रॉनविषयीं एक समीकरण मांडलें. सापेक्षतावाद आणि पुंजवाद या दोन नव्या सिद्धांतांचा मेळ त्यांत घातलेला होता. परंतु या समीकरणाला एकाऐवजीं दोन प्रकारचीं उत्तरें येत. एक उत्तर ओळखीच्या इलेक्ट्रॉनचें होतें. दुसऱ्याचा अर्थ लागेना. एखाद्यानें तें गणितांतील टाकाऊ उत्तर म्हणून सोडून दिलें असतें. पण डिरॅक यांनीं १९३१ सालीं असें प्रतिपादन केलें, कीं इलेक्ट्रॉनइतक्याच वस्तुमानाचा, परंतु उलट म्हणजे धन विद्युद्भाराचा, एक कण सृष्टींत असला पाहिजे.

पुढच्याच वर्षीं, २ ऑगस्ट १९३२ रोजीं, अमेरिकेंत पॅसाडेना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत कार्ल अँडरसन यांना तो कण सांपडला. अवकाशांतून येणाऱ्या विश्वकिरणांचा ते अभ्यास करीत होते. त्यांच्यापाशीं दमट हवेनें भरलेली एक पेटी होती. तींतून विद्युद्भारित कण गेला, म्हणजे त्याच्या वाटेवर सूक्ष्म जलबिंदूंची रेघ उमटे, आणि तिचें छायाचित्र घेतां येई. पेटीभोवतीं प्रबळ चुंबक असल्यामुळें ऋण कणाची वाट एका बाजूस वळे व धन कणाची दुसऱ्या बाजूस. परंतु येथें एक घोटाळा संभवतो. वरून खालीं येणारा धन कण आणि खालून वर जाणारा ऋण कण या दोहोंची रेघ एकसारखीच वळते. म्हणून अँडरसन यांनीं पेटीच्या मध्यभागीं ६ मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा बसविला होता. पत्र्यांतून पार होतांना कणाचा जोर कमी होतो, आणि मंदावलेला कण अधिक वळतो. ज्या बाजूला रेघ अधिक वळलेली, त्या बाजूकडे कण चालला होता हें निश्चित. या साध्या युक्तीनें सिद्ध झालें, कीं तो कण धन विद्युद्भाराचाच होता. त्यास पॉझिट्रॉन असें नांव मिळालें.

या इतिहासांत मुंबईचाहि एक वांटा आहे. मुंबईंत जन्मलेले होमी भाभा हे केंब्रिज येथें असतांना पॉझिट्रॉन व इलेक्ट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचें गणित त्यांनीं केलें. तें १९३६ सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्या क्रियेला जगभर ‘भाभा प्रकीर्णन’ असेंच म्हणतात. कणांची टक्कर घडवून आणणाऱ्या प्रचंड यंत्रांत किती टकरा झाल्या हें मोजण्यासाठीं आजहि याच क्रियेचा मापदंड म्हणून उपयोग करितात.

इलेक्ट्रॉनला जसा पॉझिट्रॉन, तसा प्रोटॉनला प्रतिप्रोटॉन. तो १९५५ सालीं बर्कले येथें सेग्रे आणि चेंबरलेन यांच्या चमूला सांपडला. पुढें १९९५ सालीं जिनीव्हा येथील सर्न या प्रयोगशाळेंत प्रतिप्रोटॉन व पॉझिट्रॉन यांची जोडी जमवून प्रतिहायड्रोजनचे अणुच तयार करण्यांत आले. अर्थात् प्रतिद्रव्य ही आतां कल्पना राहिलेली नाहीं. मोठ्या रुग्णालयांत कर्करोगाच्या तपासणीसाठीं जें ‘पेट’ नांवाचें यंत्र असतें, त्यांत रोग्याच्या शरीरांत सोडलेल्या औषधांतून निघणाऱ्या पॉझिट्रॉनचाच उपयोग केलेला असतो.

तें यंत्र ज्या तत्त्वावर चालतें, तें तत्त्व आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाचें आहे. कण आणि त्याचा प्रतिकण यांची गांठ पडली, कीं दोघेहि नाहींसे होतात, आणि त्यांचें सर्व वस्तुमान ऊर्जेच्या रूपानें बाहेर पडतें. संथ इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन भेटले म्हणजे बहुधा दोन गॅमा किरण परस्परविरुद्ध दिशांना निघतात, आणि प्रत्येकाची ऊर्जा ५११ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ठराविक असते. ही त्या विनाशाची खूण होय. एक ग्रॅम प्रतिद्रव्य एक ग्रॅम द्रव्याला भेटलें, तर हिरोशिमावरील बाँबच्या सुमारें तिप्पट ऊर्जा मोकळी होईल.

आतां पहिलें कोडें. ऊर्जेपासून द्रव्य निर्माण होतें तेव्हां कण आणि प्रतिकण जोडीनेंच जन्मतात, असा प्रयोगशाळेंतील अनुभव आहे. सुमारें १३८० कोटी वर्षांपूर्वीं विश्व अत्यंत तप्त होतें, तेव्हां अशा अगणित जोड्या जन्मत होत्या आणि मरत होत्या. दोन्ही बाजू समसमान असत्या, तर विश्व थंड होतांना बहुतेक सर्व जोड्या परस्परांना गिळून टाकत्या आणि मागें केवळ प्रकाश उरता. तारे उरले नसते, पृथ्वी उरली नसती, आणि हें भाषण करणारा व ऐकणारेहि उरले नसते. त्या काळचा प्रकाश आज अतिशीत लहरींच्या रूपानें सर्व अवकाशांत भरून राहिला आहे. त्याची द्रव्याशीं तुलना केली असतां असें दिसतें, कीं त्या वेळीं दर सुमारें शंभर कोटी प्रतिकणांमागें शंभर कोटी आणि एक इतके कण होते. शंभर कोटींचा शंभर कोटींशीं नाश झाला, आणि जो एक उरला त्या एकेका कणाच्या संचयांतून हें सारें दृश्य जगत् घडलें. तो एक जादा कण कोठून आला, हें पहिलें कोडें.

यावर कोणी म्हणेल, कीं प्रतिद्रव्य नष्ट झालें नसून दूर कोठें तरी त्याच्या स्वतंत्र दीर्घिका असतील. परंतु अवकाश हें अगदीं रितें नाहीं. ग्रहांमध्यें, ताऱ्यांमध्यें, दीर्घिकांमध्यें विरळ वायु सर्वत्र पसरलेला आहे. द्रव्याचें राज्य आणि प्रतिद्रव्याचें राज्य यांच्या सीमेवर हे वायु एकमेकांस भेटत राहिले असते आणि ती सीमा गॅमा किरणांनीं उजळून निघाली असती. असा उजेड कोठेंहि दिसत नाहीं. १९६९ सालीं मनुष्याचें पाऊल चंद्रावर पडलें आणि पुढें यंत्रें मंगळावर उतरलीं, तेव्हां हे शेजारी आपल्याच द्रव्याचे आहेत हें तर हातोहात सिद्ध झालें. दीर्घिकांच्या मोठाल्या समूहांविषयींहि गॅमा किरणांचा अभाव हीच साक्ष देतो.

दुसऱ्या कोड्याचा आरंभ, योगायोगानें, त्याच पॅसाडेनांत, त्याच संस्थेंत आणि अवघ्या एका वर्षाच्या अंतरानें झाला. फ्रिट्झ झ्विकी या मूळच्या स्विस ज्योतिर्विदानें १९३३ सालीं एका दीर्घिकासमूहाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा समूह आकाशांत सिंह राशि आणि स्वातीचा तारा यांच्या दरम्यान आहे. त्यास कोमा समूह म्हणतात. त्यांतील दीर्घिका इतक्या वेगानें इकडेतिकडे धांवत होत्या, कीं दिसणाऱ्या ताऱ्यांच्या आकर्षणानें त्यांना एकत्र बांधून ठेवणें शक्यच नव्हतें. दोरी कच्ची आणि जनावर बळकट असें असूनहि जनावर दावणीलाच दिसतें, तेव्हां न दिसणारी दुसरी दोरी असलीच पाहिजे. झ्विकी यांनीं जर्मन भाषेंत लिहिलेल्या त्या लेखांत ‘काळें द्रव्य’ हाच शब्द योजिला होता. त्या काळीं दीर्घिकांचीं अंतरें नीट ठाऊक नसल्यामुळें त्यांचा आंकडा अवास्तव मोठा आला. पण मूळ अनुमान टिकलें.

तें पक्कें होण्यास चाळीस वर्षें लागलीं. आपल्या सूर्यमालेंत बुध सेकंदाला सुमारें ४७ किलोमीटर वेगानें फिरतो, पृथ्वी सुमारें ३०, आणि अतिदूरचा नेपच्यून केवळ साडेपांच. सूर्यापासून जितकें दूर जावें, तितका वेग मंद होतो. दीर्घिकेच्या कडेचे तारेहि याच न्यायानें मंद फिरावयास हवेत. परंतु व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनीं देवयानी दीर्घिकेचीं जीं मापें घेऊन १९७० सालीं प्रसिद्ध केलीं, त्यांत बाहेरच्या भागाचा वेग म्हणण्यासारखा उतरलेला नव्हता. पुढें हायड्रोजन वायूच्या रेडिओलहरींवरून शेंकडों दीर्घिकांचें मापन झालें आणि जेथें तारे संपतात त्याच्याहि पलीकडे तोच प्रकार आढळला. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जी महादुर्बीण आहे, ती याच हायड्रोजनच्या लहरी टिपते.

२००६ सालीं आणखी एक पुरावा पुढें आला. ‘बुलेट’ नांवाच्या ठिकाणीं दोन दीर्घिकासमूह एकमेकांतून आरपार गेलेले आहेत. त्यांतील उष्ण वायु, म्हणजे साध्या द्रव्याचा मोठा भाग, एकमेकांस घासून मागें रेंगाळला. परंतु पाठीमागून येणारा प्रकाश कोठें किती वांकतो हें मोजलें असतां असें दिसलें, कीं वस्तुमानाचा मुख्य भाग वायूबरोबर न थांबतां पुढें निघून गेलेला आहे. वायूची टक्कर झाली. त्या अदृश्य द्रव्याला जणूं टक्कर जाणवलीच नाहीं. प्लँक या उपग्रहाच्या निरीक्षणांवरून २०१८ सालीं जो अखेरचा हिशेब मांडण्यांत आला, त्याप्रमाणें विश्वाच्या एकंदर ऊर्जेंत साध्या द्रव्याचा वांटा शेंकडा सुमारें ५ आणि कृष्णद्रव्याचा सुमारें २७ आहे. बाकीच्या ६८ चा विषय अगदींच निराळा आहे. म्हणजे कृष्णद्रव्य हें साध्या द्रव्याच्या सुमारें पांचपट भरतें. हा पांचाचा आंकडा कृपा करून ध्यानांत ठेवावा. त्याच्याकडे पुन्हां यावयाचें आहे.

आतां मूळ प्रश्न. हीं दोन्ही एकच कां नव्हेत? पहिलें कारण असें, कीं प्रतिद्रव्य हें काळें नाहीं. सर्न येथें २०१६ सालीं प्रतिहायड्रोजनच्या वर्णपटाची एक रेषा मोजण्यांत आली, ती हायड्रोजनच्या रेषेशीं तंतोतंत जुळली. प्रतिद्रव्याचा सूर्य असता तर तो आपल्या सूर्यासारखाच तळपला असता. केवळ पाहून दोहोंत भेद करतां आला नसता. जें प्रकाशतें, तें कृष्ण कसें होईल? दुसरें कारण सीमेवरील उजेडाचें. कृष्णद्रव्य हें साध्या द्रव्यांत मिसळून आहे, आपल्या आकाशगंगेंत सर्वत्र आहे, या क्षणीं आपल्या खोलींतूनहि तें जात असावें. तें प्रतिद्रव्य असतें तर पांचास एक या प्रमाणांत विनाश चालू राहून आकाशगंगा केव्हांच भस्म झाली असती. तिसरें कारण गुरुत्वाकर्षणाचें. प्रतिद्रव्य कदाचित् खालीं न पडतां वर जात असेल आणि त्यामुळें गुरुत्वाकर्षणाचीं हीं कोडीं उत्पन्न झालीं असतील, अशी एक कल्पना अधूनमधून मांडली जाई. २०२३ सालीं सर्न येथील आल्फा प्रयोगांत प्रतिहायड्रोजनचे अणु उभ्या नळींत मोकळे सोडून पाहिले. ते खालींच पडले, आणि मापनाच्या मर्यादेंत साध्या द्रव्याप्रमाणेंच पडले.

तेव्हां एकरूपतेचा प्रश्न निकालांत निघाला. आतां नात्याचा प्रश्न. मला तीन शक्यता दिसतात.

पहिली अशी, कीं कृष्णद्रव्य हें प्रतिद्रव्याचा उगम असूं शकेल. १९३७ सालीं एत्तोरे मायोराना या इटालियन शास्त्रज्ञानें दाखवून दिलें, कीं विद्युद्भार नसलेला एखादा कण स्वतःचाच प्रतिकण असूं शकेल. कृष्णद्रव्याचे कण या जातीचे असतील, तर त्यांपैकीं दोघांची गांठ पडतांच ते नाश पावतील आणि त्यांच्या ऊर्जेंतून साधे कण व प्रतिकण समसमान बाहेर पडतील. साधे कण विश्वांत भरपूर असल्यामुळें ते ओळखूं येणार नाहींत. परंतु प्रतिकण दुर्मिळ असल्यामुळें त्यांची थोडी भरहि नजरेंत भरेल. बाजारांत चालू नाण्यांची रास असली, म्हणजे त्यांतील नव्या चार नाण्यांकडे कोणी पाहत नाहीं. पण परक्या राज्याचें एक नाणें दिसलें, कीं तें कोठून आलें याची चौकशी होते.

अशीं परकीं नाणीं खरोखरच दिसलीं आहेत. विश्वकिरण अवकाशांतील वायूवर आदळून थोडे पॉझिट्रॉन उत्पन्न होतातच. पण त्यांचें प्रमाण ऊर्जा वाढेल तसें घटत गेलें पाहिजे. २००६ सालीं एका रशियन उपग्रहावरून गेलेल्या पामेला या यंत्राला याच्या उलट अनुभव आला. प्रमाण वाढत होतें. १९ मे २०११ रोजीं आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर सुमारें साडेसात टन वजनाचें एएमएस हें यंत्र बसविण्यांत आलें. सॅम्युएल टिंग यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेल्या या यंत्रानें वीस हजार कोटींहून अधिक विश्वकिरणांची नोंद केली आणि ती वाढ खरी असल्याचें दाखविलें. सुमारें २५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपासून पॉझिट्रॉनची भर सुरू होते, आणि सुमारें ३०० अब्जांच्या पुढें ती झपाट्यानें ओसरते. एखाद्या विशिष्ट वस्तुमानाच्या कणांचा नाश होत असेल, तर आलेख असाच कांहींसा दिसेल.

ही वार्ता ऐकून पुष्कळांना वाटलें, कीं कृष्णद्रव्य सांपडलें. परंतु दुसराहि एक दावेदार आहे. प्रचंड चुंबकशक्तीचे आणि गरगरां फिरणारे जे स्पंदक तारे आहेत, त्यांच्या परिसरांतहि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या निर्माण होतात, आणि मिथुन राशींतील गेमिंगा हा स्पंदक तर आपल्या तुलनेनें जवळ आहे. मेक्सिकोंतील हॉक वेधशाळेनें २०१७ सालीं असें दाखविलें, कीं गेमिंगाभोवतीं हे कण फार संथपणें पसरत आहेत. म्हणून ते येथवर पोंचले नसावेत असें कांहींचें म्हणणें. तर ही संथ गति केवळ त्या ताऱ्याच्या आसपासची असेल, वाटेंत सर्वत्र नसेल, असें इतरांचें म्हणणें. उलटपक्षीं, हे पॉझिट्रॉन कृष्णद्रव्यापासून आले असें मानलें, तर तोच विनाश विश्वाच्या बाल्यांतहि चालू असला पाहिजे, आणि त्याचा ठसा आदिप्रकाशावर उमटला पाहिजे. प्लँक उपग्रहाला तसा ठसा आढळला नाहीं. सारांश, पुरावा आहे. पण तो कोणाविरुद्ध आहे हें ठरलेलें नाहीं.

आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागींहि, धनु राशीच्या दिशेस, असेंच एक गूढ आहे. तेथून ५११ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचे ते ठराविक गॅमा किरण सतत येत आहेत. त्यांवरून असें दिसतें, कीं तेथें दर सेकंदाला अब्जावधि टन पॉझिट्रॉन नष्ट होत आहेत. ते येतात कोठून? ताऱ्यांच्या स्फोटांतून, युग्मताऱ्यांतून, कीं कृष्णद्रव्यांतून? तिन्ही पक्षांना वकील आहेत. निकाल लागलेला नाहीं. अधिक निर्णायक साक्ष जड हायड्रोजनच्या प्रति-अणुगर्भाची ठरेल. एक प्रतिप्रोटॉन व एक प्रतिन्यूट्रॉन मिळून तो होतो. विश्वकिरणांच्या साध्या टकरींतून तो क्वचितच निपजतो, आणि निपजला तरी वेगानें फेंकला जातो. म्हणून असा संथ अणुगर्भ निर्विवादपणें सांपडला, तर त्याचा उगम निराळाच असला पाहिजे असें म्हणतां येईल.

दुसरी शक्यता मला अधिक विचारप्रवर्तक वाटते. ती अशी, कीं दोन्ही कोड्यांचें मूळ एकच असेल. मघां सांगितलेला पांचाचा आंकडा येथें कामास येतो. साधें द्रव्य आणि कृष्णद्रव्य हीं अगदीं निरनिराळ्या कारणांनीं निर्माण झालीं असतीं, तर एक दुसऱ्याच्या लाखपट किंवा लाखांश कां नाहीं? पांचपट म्हणजे जवळजवळ बरोबरीच. एकाच गांवांत दोन घरांची मिळकत एका आणि पांच रुपयांच्या प्रमाणांत निघाली, तर तीं घरें भाऊबंदांचीं असावींत अशी शंका येते. साधें द्रव्य उरलें तें कण-प्रतिकणांच्या विषमतेमुळें. मग कृष्णद्रव्यालाहि स्वतःचें प्रतिद्रव्य असेल आणि तेथेंहि तीच विषमता घडून तेवढाच शेष उरला असेल, तर? शमुएल नुसिनोव्ह यांनीं १९८५ सालीं या दिशेनें विचार मांडला, आणि पुढें अनेकांनीं तो वाढविला. दोन्ही घरांत उरलेल्या कणांची संख्या सारखीच असेल, तर कृष्णद्रव्याचा एकेक कण प्रोटॉनच्या सुमारें पांचपट वस्तुमानाचा असला म्हणजे हिशेब जुळतो.

विषमता उत्पन्न होण्यास कोणत्या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात, हें आंद्रेय साखारोव्ह यांनीं १९६७ सालीं सांगून ठेवलेलें आहे. त्यांतील एक अट अशी, कीं निसर्गाचे नियम कण आणि प्रतिकण यांना किंचित् वेगळी वागणूक देणारे असावेत. तशी वागणूक क्रोनिन व फिच यांना १९६४ सालीं कण-प्रतिकणांच्या एका जातींत आढळली होती. आणि २०२५ सालीं सर्न येथें ती प्रोटॉनच्या कुळांतील एका जड कणांतहि आढळली. परंतु आज ठाऊक असलेला हा पक्षपात इतका अल्प आहे, कीं त्यानें तो शंभर कोटींतील एक जादा कण उरणार नाहीं. आणखी कांहीं तरी अज्ञात पाहिजे, आणि तें अज्ञात कृष्णद्रव्याच्या बाजूला असणें अशक्य नाहीं.

येथें एक गोष्ट आपल्या लक्षांत आली असेल. पहिली शक्यता आणि दुसरी शक्यता या एकमेकींच्या मित्र नाहींत. पहिलीप्रमाणें कृष्णद्रव्याचे कण आजहि एकमेकांचा नाश करीत आहेत आणि त्यांतून प्रतिद्रव्य बाहेर पडत आहे. दुसरीप्रमाणें कृष्णद्रव्याचें प्रतिद्रव्य केव्हांच संपून गेलें. आतां नाश करावयास जोडीदारच उरला नाहीं, आणि म्हणून आकाशांत कांहीं दिसणारहि नाहीं. पहिलींत पांचाचा आंकडा हा निव्वळ योगायोग ठरतो. दुसरींत तोच मुख्य पुरावा ठरतो. म्हणूनच अवकाशस्थानकावरील यंत्राला कांहीं सांपडलें तरी बोध आहे, आणि न सांपडलें तरी बोध आहे. अमेरिकेंत साउथ डकोटा राज्यांतील सोन्याच्या एका जुन्या खाणींत, जमिनीखालीं सुमारें दीड किलोमीटर खोल, द्रवरूप झेनॉनची मोठी टांकी ठेवून कृष्णद्रव्याच्या धक्क्याची वाट पाहण्यांत येत आहे. २०२४ सालीं जाहीर झालेल्या तेथील निष्कर्षांतहि तसा धक्का आढळला नाहीं. परंतु पांच प्रोटॉनइतक्या हलक्या कणाच्या धक्क्यानें झेनॉनचा जड अणुगर्भ फारसा हालतच नाहीं. म्हणून या नकारानें दुसरी शक्यता बाद होत नाहीं.

तिसरी शक्यता थोडक्यांत सांगतों. कृष्णद्रव्य हें कणांचें नसून अतिशय हलक्या लहरींसारखें असेल, आणि त्या लहरींचा प्रतिकणांवर होणारा परिणाम कणांवरील परिणामाहून निराळा असेल, असेंहि एक मत आहे. सर्न येथील बेस या प्रयोगांत विद्युत् व चुंबक यांच्या पिंजऱ्यांत प्रतिप्रोटॉन कोंडून ठेवितात. तेथें प्रतिप्रोटॉन एका वर्षाहून अधिक काळ जिवंत ठेवण्यांत आले आहेत. त्यांच्या चुंबकीय आंदोलनांत अशा लहरींचा कांहीं हेलकावा जाणवतो काय, हें २०१९ सालीं तपासण्यांत आलें. जाणवला नाहीं, परंतु प्रतिद्रव्यालाच साक्षीस बोलावून कृष्णद्रव्याचा शोध घेण्याची ती पहिली वेळ होती.

आतां समारोप करतों. प्रतिद्रव्य आणि कृष्णद्रव्य हीं एक नव्हेत, हें निश्चित. कृष्णद्रव्यांतून प्रतिद्रव्य उपजत असेल, हें संभवनीय आहे, सिद्ध नाहीं. दोघांची जन्मकथा एक असेल, ही कल्पना मनोहर आहे. तिलाहि अद्याप साक्षीदार नाहीं. या तीन वाक्यांतील भेद राखणें हेंच या विषयांत सर्वांत कठीण काम आहे. दोन गूढ गोष्टी एकत्र बांधल्या म्हणजे एक गूढ कमी झाल्यासारखें वाटतें, आणि मनाला स्वस्थता लाभते. परंतु पेढीवरचा प्रामाणिक कारकून हरवलेली रक्कम व जादा रक्कम एकमेकींत वळती करून वही बंद करीत नाहीं; दोहोंची पावती शोधीत राहतो.

आणि या शोधाशीं आपला संबंध काय, असें कोणी विचारील तर त्याचें उत्तर असें. तो शंभर कोटींतील एक कण उरला नसता, तर आपल्या शरीरांना द्रव्यच मिळालें नसतें. आणि कृष्णद्रव्याचें आकर्षण नसतें, तर तें विरळ द्रव्य गोळा होऊन आकाशगंगा, सूर्य व पृथ्वी वेळेवर घडलीं नसतीं. आपण येथें आहों, तें या दोन अनुत्तरित प्रश्नांच्या पुण्याईनें आहों. त्यांचीं उत्तरें शोधणारे लोक एका अर्थीं आपल्या सर्वांच्या कुळाचीच वंशावळ शोधीत आहेत.